ब्रॅकिओपोडांचे दोन वर्ग की तीन उपसंघ?

साताऱ्यात भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने प्रात्यक्षिकाच्या ट्रेमधील सात नमुन्यांची छायाचित्रे पाठवून दोन गोष्टी विचारल्या आहेत. यांतले ब्रॅकिओपोड, म्हणजे शिंपल्यासारखे दोन भागांचे कवच असलेले समुद्री प्राणी, कोणते आणि साधे शिंपले कोणते हे खात्रीने कसे सांगावे, हा तिचा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा की, ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकात ब्रॅकिओपोडांचे इनआर्टिक्युलाटा आणि आर्टिक्युलाटा असे दोन वर्ग दिले आहेत आणि वर्गातल्या टिपणात मात्र तीन उपसंघ आहेत, तर उत्तरपत्रिकेत काय लिहावे. मी सांगलीत अनेक वर्षे जीवाश्मविज्ञान शिकवले आहे आणि हे दोन्ही प्रश्न जवळजवळ प्रत्येक तुकडीत मला विचारले गेले आहेत. माझ्या मते ते मुळात एकच आहेत. कवच उघडते कसे, आतला प्राणी खातो कसा, तो तळाला धरून राहतो कसा आणि कवच कशाचे बनले आहे, ही चार उत्तरे नीट समजली की ओळखही पटते आणि वर्गीकरणही पाठ करावे लागत नाही.

सुरुवात घरच्या शिंपल्यापासून करा. माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर किंवा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर उन्हाळ्यात पाणी उतरले की गाळात काळपट तपकिरी शिंपले मिळतात. त्यांतला लॅमेलिडेन्स वंशाचा एक शिंपला धुऊन, दोन्ही झडपा (कवचाचे दोन भाग) जोडलेल्या ठेवून हातात घ्या. त्याची डावी झडप उजव्या झडपेचे आरशातले प्रतिबिंब वाटते. पण एकच झडप घेऊन तिच्या चोचीपासून, म्हणजे बिजागरीजवळच्या टोकापासून, समोरच्या कडेपर्यंत रेघ ओढली, तर रेघेच्या दोन बाजू सारख्या निघत नाहीत, कारण एक बाजू आखूड आणि दुसरी लांबट असते. आता ट्रेमधला दुसऱ्या क्रमांकाचा, गुळगुळीत लंबगोल नमुना घ्या. याच्या दोन झडपा एकमेकींसारख्या नाहीत; एक मोठी असून तिची चोच दुसरीवर वाकलेली आहे आणि चोचीच्या टोकाला गोल भोक आहे. मात्र चोचीपासून समोरच्या कडेपर्यंत रेघ ओढली, तर प्रत्येक झडपेचे दोन अर्ध अगदी सारखे पडतात. म्हणजे शिंपल्यात सममितीचे प्रतल दोन झडपांच्या मधून जाते आणि ब्रॅकिओपोडात ते दोन्ही झडपांना मधोमध छेदून जाते. शिंपल्याच्या झडपा प्राण्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना असतात, तर ब्रॅकिओपोडाची एक झडप पोटाकडची म्हणजे अधर आणि दुसरी पाठीकडची म्हणजे पृष्ठीय असते. वरची झडप, खालची झडप असे मात्र लिहू नका, कारण समुद्रतळावर जिवंत असताना कोणती बाजू वर असेल हे जातीजातीनुसार बदलते. भोक असलेली ती अधर झडप, एवढे धरून चालावे.

या नियमाला अपवाद आहेत, पण ते बहुतेक शिंपल्यांच्या बाजूचे आहेत. कालवांच्या दोन झडपा असमान असतात आणि पेक्टेन या पंख्याच्या आकाराच्या शिंपल्याची एकेक झडप जवळजवळ सममित दिसते. म्हणून एका खुणेवर कधीही थांबू नये, बिजागरी पाहावी.

शिंपल्याच्या बिजागरीवर शिंगासारखा लवचीक बंध असतो. झडपा मिटलेल्या असताना तो ताणाखाली राहतो आणि स्नायू सैल पडताच झडपा आपोआप उघडतात. नदीकाठी मेलेले शिंपले नेहमी आ वासून पडलेले दिसतात ते यामुळेच. ब्रॅकिओपोडात असा बंध नाही. त्याला उघडायलाही स्नायू लागतात आणि मिटायलाही. उघडणारे स्नायू अधर झडपेच्या तळापासून निघून पृष्ठीय झडपेच्या मागच्या टोकाला, बिजागरीच्या अक्षाच्याही मागे असलेल्या एका उंचवट्याला जोडलेले असतात. पाण्याच्या, झाकण असलेल्या स्टीलच्या जगला (जारला) मुठीजवळ खटका असतो; तो अंगठ्याने दाबला की झाकण पुढून वर उचलले जाते. इथे अंगठ्याचे काम स्नायू करतो, आणि तेही ओढून. मिटवणारे स्नायू अक्षाच्या पुढच्या बाजूला असतात. अधर झडपेवरचे दोन दात पृष्ठीय झडपेच्या दोन खोबणींत इतके घट्ट बसलेले असतात की झडपा सरकत नाहीत, फक्त समोरून थोडीशी फट पडते. प्राणी मेल्यावर उघडणारे बळच उरत नाही, त्यामुळे असे ब्रॅकिओपोड पुष्कळदा मिटलेल्या स्थितीतच अश्म होतात. एखाद्या थरात दोन्ही झडपा जोडलेले नमुने विपुल मिळाले, तर ब्रॅकिओपोडांची शक्यता आधी तपासावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे.

आता कवचाच्या आत काय आहे ते पाहू, कारण या प्राण्यांचे खरे वैशिष्ट्य तिथे आहे. शरीर म्हणावे असा भाग मागच्या, बिजागरीकडच्या साधारण एक तृतीयांश जागेत दाटीने बसलेला असतो. जठर, पाचक ग्रंथी, स्नायू, एक लहानसे स्पंदन पावणारे हृदय आणि उत्सर्जनाच्या एक किंवा दोन जोड्या नलिका त्यात असतात. शरीरभित्तीचे दोन पापुद्रे पुढे पसरून झडपांना आतून अस्तर लावतात, हाच प्रावार. तो कवच स्रवतो आणि त्याच्या कडेला बारीक राठ केसांची झालर असते. प्रावाराच्या दोन पापुद्र्यांमधली उरलेली सगळी जागा लोफोफोरने व्यापलेली असते.

लोफोफोर म्हणजे तोंडाच्या दोन्ही अंगांना निघालेले दोन बाहू आणि त्यांच्यावर दाटीने उगवलेल्या बारीक तंतूंची रांग. या तंतूंवरचे सिलिया, म्हणजे सूक्ष्म केस, सतत हलत राहून पाण्याचा प्रवाह निर्माण करतात. तंतूंत अडकलेले सूक्ष्म अन्नकण बाहूवरच्या पन्हळीतून तोंडाकडे जातात आणि श्वसनही तिथेच होते. ब्रॅकिओपोड या नावाचा अर्थच बाहू आणि पाय असा आहे, कारण पूर्वीच्या अभ्यासकांना हे बाहू म्हणजे हालचालीचे अवयव वाटले होते. बहुतेकांत पाणी दोन्ही कडांनी आत येते आणि मधोमध बाहेर पडते. ही गोष्ट लक्षात ठेवली तर एक बाह्य खूणही उलगडते. पुष्कळ नमुन्यांत अधर झडपेवर मधोमध एक पन्हळ आणि पृष्ठीय झडपेवर तिला जुळणारा उंचवटा असतो. त्यामुळे झडपांच्या मिटण्याच्या रेषेला मध्यभागी वळण येते, आणि आत येणारे व बाहेर जाणारे पाणी एकमेकांत मिसळणे टळते.

लहान प्राण्यात लोफोफोर साधे कडे असते. प्राणी वाढतो तसा त्याला जास्त तंतू लागतात. पण जागा मर्यादित, म्हणून बाहू दुमडतात किंवा शंकूसारखे गुंडाळतात. काही गटांत या बाहूंना आधार द्यायला पृष्ठीय झडपेपासून चुन्याचा नाजूक सांगाडा निघतो. ऱ्हिंकोनेलिडांमध्ये तो फक्त दोन आखूड काट्यांचा असतो, टेरेब्रॅट्युलिडांमध्ये फासासारखी पट्टी असते, तर स्पिरिफेरिड, ॲट्रिपिड आणि ॲथिरिडिड यांच्यात स्प्रिंगसारखी दोन मळसूत्रे असतात. ट्रेमधला चौथा नमुना रुंद पंखांचा स्पिरिफेरिड आहे. त्याची मळसूत्रे दोन्ही बाजूंना आडवी पसरलेली असत, आणि कवचाची रुंदी त्यांच्याशी जुळणारी आहे. ॲट्रिपिडात हीच मळसूत्रे पृष्ठीय झडपेकडे वळलेली असल्यामुळे ती झडप घुमटासारखी फुगते. बाहेरचा आकार आतल्या लोफोफोरशी असा बांधलेला असतो, आणि आकृती काढताना हा संबंध दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला मी नेहमी जास्त गुण देत आलो.

हा सांगाडा पाहण्यासाठी पूर्वी एकच मार्ग होता: नमुना थोडाथोडा घासत न्यायचा, प्रत्येक टप्प्यावर दिसणारा छेद कागदावर किंवा ॲसिटेटच्या पापुद्र्यावर उतरवायचा आणि त्या छेदांवरून आतली रचना पुन्हा उभी करायची. नमुना कायमचा जातो, पण ज्ञान मिळते. अलीकडे क्ष-किरणांच्या सूक्ष्म सीटी स्कॅनने हे न घासता साधते. कधी निसर्गच मदत करतो. टेक्सासच्या ग्लास माउंटन्समधील पर्मियन काळातल्या (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) चुनखडकात कवचांची जागा सिलिकाने घेतली होती, आणि अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या आर्थर कूपर व रिचर्ड ग्रँट यांनी तो खडक आम्लात विरघळवून बारीक काट्यांसह अखंड ब्रॅकिओपोड बाहेर काढले.

तळाला धरून राहण्याचा अवयव म्हणजे पेडिकल, साध्या शब्दांत देठ. टेरेब्रॅट्युलिड आणि ऱ्हिंकोनेलिड यांच्यात तो चोचीतल्या भोकातून बाहेर येऊन खडकाला किंवा दुसऱ्या शिंपल्याला चिकटतो. लिंग्युला या वंशात तो लांब, मांसल आणि आकुंचन पावणारा असतो व दोन झडपांच्या मधून बाहेर पडतो. क्रेनिया या दुसऱ्या वंशात देठ नाहीच. अधर झडप सरळ खडकाला सिमेंटसारखी चिकटते. अनेक नामशेष गटांत प्रौढ वयात देठ झिजून जाई आणि प्राणी चिखलावर नुसता पडून राही.

एवढी शरीररचना हाताशी आली की वर्गीकरणाचा वाद समजतो. १८६९ मध्ये इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्ली यांनी बिजागरीला दात असलेले ते आर्टिक्युलाटा आणि नसलेले ते इनआर्टिक्युलाटा अशी विभागणी रूढ केली. निरीक्षण म्हणून ती आजही खरी आहे. पण दात नाहीत ही उणीव आहे, आणि उणिवेवरून नाते ठरत नाही. लिंग्युला आणि क्रेनिया या दोघांनाही दात नाहीत. तरीही लिंग्युलाचे कवच कॅल्शियम फॉस्फेट आणि सेंद्रिय द्रव्याच्या एकावर एक थरांचे आहे, आणि क्रेनियाचे कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाचे. लिंग्युलाला देठ आहे, क्रेनियाला नाही. लिंग्युलाचे आतडे वळून उजव्या बाजूला गुदद्वाराने उघडते, क्रेनियाचे गुदद्वार मागे मधोमध असते. लिंग्युलाचा डिंभ (अंड्यातून निघालेले पिल्लू) पाण्यात तरंगत स्वतः अन्न खातो. क्रेनियाचा डिंभ अंड्यातल्या साठ्यावर जगतो. इतके भिन्न प्राणी केवळ एका अभावापोटी एका वर्गात ठेवणे योग्य नव्हते. म्हणून १९९६ मध्ये ॲल्विन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंग्युलिफॉर्मिया, क्रेनिफॉर्मिया आणि ऱ्हिंकोनेलिफॉर्मिया असे तीन उपसंघ मांडले. जुना आर्टिक्युलाटा गट बव्हंशी तिसऱ्या उपसंघात तसाच राहिला. फुटला तो इनआर्टिक्युलाटा.

लिंग्युलिफॉर्मियात लिंग्युलाटा आणि नामशेष झालेला पॅटेरिनाटा हे वर्ग येतात. ट्रेमधला पहिला नमुना, काळसर आणि नखासारखा चकचकीत, लिंग्युलाचा आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर कॅल्साइट फसफसते, हे कवच तसे फसफसत नाही. ही चाचणी शिक्षकांना विचारूनच आणि कवचाच्या तुटक्या कडेवरच करावी. दात नसल्यामुळे लिंग्युलाची उघडण्याची रीत वेगळी आहे: शरीरभित्तीचे स्नायू आकुंचन पावून पोकळीतल्या द्रवावर दाब आणतात आणि त्या दाबाने झडपा दूर होतात. तिरक्या स्नायूंनी झडपा कात्रीसारख्या एकमेकींवर फिरतातही, आणि त्याच हालचालीने हा प्राणी वाळूत पुढच्या टोकाने शिरतो, आत वळून वर येतो आणि देठ खाली रोवून उभ्या बिळात राहतो. लिंग्युलाला पुस्तके ‘जिवंत जीवाश्म’ म्हणतात, ते जपून घ्यावे. बाह्य आकार फार जुना आहे, पण पुराजीव महाकल्पातल्या ज्या जीवाश्मांना पूर्वी सर्रास लिंग्युला म्हटले जाई, त्यांची अंतर्गत रचना वेगळी असल्यामुळे आता त्यांना वेगळे वंश मानतात.

क्रेनिफॉर्मिया लहान उपसंघ आहे. क्रेनिया हे नाव कवटीवरून आले, कारण झडपेच्या आतल्या स्नायूखुणा चेहऱ्यासारख्या दिसतात.

ऱ्हिंकोनेलिफॉर्मिया सर्वांत मोठा. दात-खोबणीची बिजागरी, कॅल्साइटचे कवच आणि जिवंत प्रतिनिधींत टोकाशी बंद असलेले आतडे ही त्याची लक्षणे. गुदद्वार नसल्यामुळे टाकाऊ पदार्थ तोंडावाटेच बाहेर जातात. याच्या पाच वर्गांपैकी चिलिआटा, ओबोलेलाटा आणि कुटोर्जिनाटा हे प्राचीन व तुलनेने लहान आहेत. तुमच्या अभ्यासक्रमाला लागतात ते स्ट्रोफोमेनाटा आणि ऱ्हिंकोनेलाटा.

स्ट्रोफोमेनाटांची बिजागरी बहुधा सरळ आणि रुंद, एक झडप फुगीर आणि दुसरी सपाट किंवा आत वळलेली असते, त्यामुळे प्राण्याला राहायला पातळशी जागा उरते. पाचवा नमुना, प्रॉडक्टिड, यांतलाच. त्याच्या पृष्ठभागावर भिंगातून बारीक गोल खुणा दिसतात. त्या तुटलेल्या काट्यांच्या मुळांच्या आहेत. हे काटे मऊ चिखलात रुतून कवचाला बुडू देत नसत. कार्बोनिफेरस काळातला जायगँटोप्रॉडक्टस ३० सेंटिमीटरहून अधिक रुंद होई, आणि पर्मियनमधले रिख्टोफेनिड तर प्रवाळासारखे शंकू बनले. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी पर्मियनच्या अखेरीस झालेल्या महाविनाशात हा वैभवशाली गट जवळजवळ पूर्ण संपला.

ऱ्हिंकोनेलाटात ऑर्थिडा हा जुना गण, अधर झडपेत चमच्यासारखा उंच मंच असलेला पेंटामेरिडा, मळसूत्रधारी गण, आणि आज जगणारे ऱ्हिंकोनेलिडा, टेरेब्रॅट्युलिडा व थेसिडाइडा येतात. दुसरा नमुना टेरेब्रॅट्युलिड आहे. त्याचा आकार जुन्या रोमन मातीच्या दिव्यासारखा, आणि भोक वातीच्या जागी. कवचात आरपार सूक्ष्म छिद्रे असतात, ती भिंगाखाली टाचणीच्या टोकांसारखी दिसतात. तिसरा नमुना ऱ्हिंकोनेलिड: ठळक घड्या, टोकदार चोच, मिटण्याची रेषा करवतीसारखी, आणि बहुधा छिद्रे नाहीत. हे दोन नमुने शेजारी ठेवून भिंगाने पाच मिनिटे पाहिलेत तर पुन्हा कधी चुकणार नाही.

आज ब्रॅकिओपोडांच्या सुमारे ४०० जाती जिवंत आहेत, तर जीवाश्मांच्या १२,००० हून अधिक वर्णिलेल्या आहेत. सगळे जिवंत ब्रॅकिओपोड समुद्री आहेत. त्यामुळे अजिंक्यताऱ्यावर किंवा सागरेश्वरच्या टेकड्यांवर ते शोधण्यात अर्थ नाही: इथला बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, लाव्हांच्या मधले गाळाचे पट्टे प्रामुख्याने गोड्या पाण्याचे आहेत, आणि दक्षिणेला बागलकोटकडे उघडे पडलेले कलादगीचे गाळखडक ब्रॅकिओपोड जन्मण्याआधीचे आहेत. इथल्या महाविद्यालयांतले भारतीय नमुने या भागाबाहेरून आणलेले असतात. कच्छच्या जुरासिक खडकांत टेरेब्रॅट्युलिड विपुल आहेत आणि त्यांतल्या एका वंशाला कच्छवरूनच कच्छिथायरिस हे नाव मिळाले आहे. स्पितीच्या पर्मियन शेलमध्ये प्रॉडक्टिड मिळतात. मध्य प्रदेशातल्या बाघ थरांतील ऱ्हिंकोनेलिडांवर जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी १९३८ मध्ये लिहिले, आणि त्यांनी दिलेले मालविऱ्हिंकिया हे वंशनाम आजही वापरात आहे. सहलीची संधी मिळाली तर कच्छ निवडावे.

उत्तरपत्रिकेत तीन उपसंघ लिहा आणि जुनी विभागणी एका वाक्यात, ती का सोडली या कारणासह नोंदवा. परीक्षकाच्या हातात जुनी उत्तरसूची असली, तरी कारण दिलेले उत्तर नाकारणे त्याला अवघड जाते.

उरले सहावा आणि सातवा नमुना. सातवा ट्रायगोनिया आहे, म्हणजे शिंपला. एक झडप, तिरकी, आतल्या दातांवर आडव्या खाचा, आणि मधोमध रेघ ओढून पाहिली तर दोन बाजू मुळीच जुळत नाहीत. सहावा मात्र मुद्दाम पाचव्याशेजारी ठेवलेला दिसतो. दोन्हींत एक झडप खोल फुगीर आणि दुसरी झाकणासारखी, त्यामुळे घाईत दोघांनाही प्रॉडक्टिड म्हटले जाते. सहाव्याची चोच एका बाजूला पिळलेली आहे, काट्यांच्या खुणा कुठेही नाहीत, आणि झाकणासारखी झडप उलटली की आत एकच मोठी स्नायूखूण दिसेल. तो ग्रिफिया आहे, कालवांच्या नात्यातला.